पाच पेशींचा डोळा: गोगलगायीच्या व्हर्च्युअल लॅबबद्दल

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना इथेच थांबता येईल. समुद्री गोगलगाय कशी शिकते यावरची ही व्हर्च्युअल लॅब घेण्यासारखी आहे, पण तिच्यातल्या व्हिडिओंसाठी नाही. व्हिडिओ सोडून द्या. आत एक रेकॉर्डिंगची खोली दिली आहे, जिथे तुम्ही एका चेतापेशीत इलेक्ट्रोड घालून बसता. वर्गणी भरायची ती त्या खोलीसाठी. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या या प्रकारच्या बहुतेक सगळ्याच सेवांना लागू पडतील.

मी चेताशास्त्रातली नाही. मापनाची उपकरणं जुळवणं, तपासणं आणि बिघडली की उघडणं हा माझा धंदा. त्यामुळे आलेखात रेघ वर गेली की माझा पहिला प्रश्न असतो, "मोजलं कशाने?" मेंदू, स्मृती वगैरे त्यानंतर. हे परीक्षण त्या नजरेतून आहे. परीक्षेच्या तयारीसाठी वाचत असाल तर थोडं फार हाती लागेल, पण तो माझा उद्देश नाही.

प्राणी आहे हर्मिसेंडा. कवच नसलेली, काही सेंटीमीटर लांबीची समुद्री गोगलगाय, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सापडणारी. पाठीवर फुटव्यांची दाटी असते. ती हायड्रॉइड, म्हणजे डंख मारणारे छोटे समुद्री जीव, खाते आणि त्यांच्या डंखपेशी पचवून न टाकता त्या फुटव्यांच्या टोकांत साठवते, स्वतःच्या बचावासाठी. पहिला व्हिडिओ याच्यातच रमतो. रंग सुंदर, संगीत मंद, निवेदकाचा आवाज भारावलेला. मला त्यात हवी असलेली माहिती शेवटच्या मिनिटात येते, ती अशी: या प्राण्याच्या एका डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी फक्त 5 असतात. 2 'ए' प्रकारच्या, 3 'बी' प्रकारच्या. संपला डोळा. या डोळ्याने चित्र दिसायचं नाही, उजेड कुठे आहे एवढं कळतं. डोळ्याशेजारी स्टॅटोसिस्ट नावाची एक छोटी पिशवी असते, तोल आणि हालचाल ओळखणारी, आणि तिच्यात 13 केसपेशी.

5 आणि 13. आकडे लक्षात ठेवा, कारण सगळा धंदा या दोन आकड्यांवर चालला आहे. माणसाच्या एका डोळ्यात काही कोटी प्रकाशग्राही पेशी असतात. त्यातली कालची पेशी आज पुन्हा शोधून दाखवणं अशक्यच. इथे मात्र "डाव्या डोळ्यातली मधली बी पेशी" म्हटलं की प्रत्येक गोगलगायीत तीच पेशी सापडते. दहा प्राण्यांतली तीच पेशी मोजता येते. मापन करणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सुख काय हवं?

एक दुरुस्ती इथेच करून ठेवते, कारण ती कोर्समध्ये नाही. कोर्स सगळीकडे 'हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस' म्हणतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाच्या कामातून असं दिसलं की एक समजली जाणारी ही जात प्रत्यक्षात तीन जातींचा गट आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींना आता 'हर्मिसेंडा ओपॅलेसेन्स' म्हणतात. जुन्या प्रयोगांतले बरेच प्राणी तिथूनच आणलेले असत. निष्कर्ष त्याने बदलत नाहीत, पण पडद्यावर लॅटिन नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मिरवायचं तर ते अद्ययावत तरी ठेवावं.

आता पहिली प्रयोगाची खोली, वर्तनाची. 1970च्या दशकात डॅनियल अल्कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे जे सुरू केलं त्याची ही नक्कल. गोगलगायी पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांत ठेवायच्या, नळ्या एका फिरत्या तबकडीवर मांडायच्या. उजेड आणि गरगरणं हे दोन्ही एकत्र द्यायचं. उजेड या प्राण्याला आवडतो, तो त्याच्याकडे सरकतो. गरगरणं म्हणजे त्याच्या लेखी लाटांचा मार, आणि लाट आली की तो पाय, म्हणजे ज्यावर तो सरकतो तो तळाचा स्नायू, आखडून पृष्ठभागाला चिकटून राहतो. हे दोन एकत्र पुन्हा पुन्हा अनुभवले की नंतर नुसत्या उजेडाकडे जायलाही तो कचरतो. ठरलेली पद्धत म्हणजे दिवसाला 50 वेळा, असे 3 दिवस. परिणाम पुढे दिवसेंदिवस टिकतो.

मापन कसं करायचं? नळीच्या अंधाऱ्या टोकाला प्राणी, दुसऱ्या टोकाला उजेड, आणि पोहोचायला लागणारा वेळ. शिकवणीआधीचा वेळ भागिले आधीचा आणि नंतरचा वेळ मिळून. आधी 120 सेकंद लागत होते आणि नंतरही 120च लागले, तर 120 भागिले 240, म्हणजे 0.5, काही बदल नाही. नंतर 360 लागले तर 120 भागिले 480, म्हणजे 0.25. आकडा अर्ध्यापासून जितका खाली, तितका प्राणी उजेडाला बिचकतो. हे गुणोत्तर मला आवडलं, कारण जात्याच सुस्त गोगलगाय आणि जात्याच चपळ गोगलगाय यांची त्यात सरमिसळ होत नाही. प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच्याशीच.

या खोलीतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर तुम्हाला सुटं-सुटं देण्याचा गट टाळू देत नाही. म्हणजे तेवढाच उजेड, तेवढंच गरगरणं, पण एकमेकांशी वेळेचा संबंध नाही. तो गट चालवल्याशिवाय पुढची खोली उघडतच नाही. मला आधी राग आला. तबकडी फिरताना बघत बसायचं, तेही ज्या गटात काही घडणार नाही हे ठाऊक आहे त्याच्यासाठी. पण तेच तर काम आहे. नुसतं गरगरवून प्राणी थकला असेल, नुसत्या प्रखर उजेडाने डोळा मंदावला असेल, हाताळणीनेच बावरला असेल, यातलं काहीही असतं तर या गटातही तोच परिणाम दिसायला हवा. तो दिसत नाही, म्हणून 'शिकला' हा शब्द वापरता येतो. 'कोड लपवा' असा एक खटकाही दिला आहे. तो दाबला की कुठला प्राणी कुठल्या गटातला हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. हा खटका मेनूच्या तिसऱ्या पातळीवर का दडवला आहे देव जाणे. तो आधीपासूनच चालू असायला हवा होता.

वर्तनाच्या भागात एक गोष्ट मात्र कोर्सने फार घाईत उरकली आहे, आणि ती मूळ विषयातली कळीची आहे. नुसतं 'उशिरा पोहोचला' याने फारसं सिद्ध होत नाही. उशीर अनेक कारणांनी होतो. 1980च्या दशकात याच गटाने गोगलगायीचा पाय व्हिडिओवर मोजला. अशिक्षित प्राण्यावर उजेड पडला की पाय लांब होतो, तो पुढे निघण्याच्या तयारीत असतो. गरगरवलं की पाय आखडतो. शिकवलेल्या प्राण्यावर नुसता उजेड टाकला की पाय आखडतो. म्हणजे उजेडाला आता लाटेचा प्रतिसाद मिळतोय. घंटा ऐकून लाळ गाळायला शिकलेल्या पाव्हलोव्हच्या कुत्र्याशी तुलना करायची हिंमत होते ती या निरीक्षणामुळे, वेळेच्या गुणोत्तरामुळे नाही. कोर्समध्ये याला एक स्लाइड आहे. एक! आणि त्या आधीच्या रंगीबेरंगी व्हिडिओला मात्र भरपूर वेळ.

दुसरी खोली रेकॉर्डिंगची. इथे मी रमले.

सूक्ष्मदर्शकाखाली डोळा दिसतो, काळा ठिपका आणि त्याच्यावर भिंग. मॅनिप्युलेटरची, म्हणजे इलेक्ट्रोड सूक्ष्म अंतराने हलवणाऱ्या यंत्राची, तीन चाकं फिरवत काचेचा इलेक्ट्रोड पेशीजवळ न्यायचा. पेशीत शिरल्याची खूण म्हणजे व्होल्टेज एकदम खाली पडतं, उणे कित्येक मिलिव्होल्टवर जाऊन थांबतं. मग अंधार करून थांबायचं, डोळा अंधाराला सरावेपर्यंत. सॉफ्टवेअरने हा थांबण्याचा वेळ खरा ठेवला आहे, पुढे ढकलायचं बटण नाही. बरं केलं.

पेशी ए आहे की बी हे लेबलवरून नाही, वागण्यावरून ओळखावं लागतं, हीसुद्धा चांगली सोय. बी पेशी अंधारातही अधूनमधून स्पंद, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, देत असते आणि तिचे स्पंद बुटके. ए पेशी अंधारात बहुतेक गप्प, तिला जागं करायला उजेडही जास्त लागतो, पण स्पंद देते तेव्हा उंच. बुटके का, याचं कारण कोर्सने नीट दिलं आहे. स्पंद तयार होतो तो पेशीच्या मुख्य देहात नाही, तर दूर ॲक्झॉनमध्ये, म्हणजे देहातून निघणाऱ्या लांब तंतूत. आपला इलेक्ट्रोड देहात. तिथपर्यंत येईतो त्याची उंची गळून गेलेली असते. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे कामाला येतं.

उजेडाचा झोत टाकला की दोन्ही प्रकारच्या पेशींत व्होल्टेज वर जातं. आपल्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींत उलट होतं, उजेड पडला की व्होल्टेज आणखी उणे होतं. कोर्सच्या प्रश्नमंजूषेत याच मुद्द्यावर एक फसवा प्रश्न आहे, सावध राहा.

आता शिकवलेल्या प्राण्याची बी पेशी आणि सुट्या-सुट्या गटातली बी पेशी शेजारी शेजारी. शिकवलेल्या पेशीत त्याच उजेडाला प्रतिसाद मोठा, स्पंद जास्त, आणि उजेड मालवल्यावरही व्होल्टेज लगेच मूळपदावर येत नाही, रेंगाळतं. मग करंट देऊन रेझिस्टन्स काढायचा. माझ्या पडद्यावर उणे 0.2 नॅनोॲम्पिअर दिल्यावर सुट्या गटातली पेशी 10 मिलिव्होल्ट खाली गेली. भागाकार करा, 50 मेगओहम. शिकवलेली पेशी तेवढ्याच करंटला जास्त खाली गेली, म्हणजे तिचा रेझिस्टन्स जास्त.

इथे माझ्यातली दुरुस्तीवाली जागी झाली. तुम्ही पेशीचा रेझिस्टन्स मोजताय तो एका टोकदार काचेच्या नळीतून, आणि त्या नळीचा स्वतःचाच रेझिस्टन्स काही दशक मेगओहमांच्या घरात असतो. करंट त्याच नळीतून जातो, व्होल्टेजही तीच वाचते. म्हणून खऱ्या ॲम्प्लिफायरवर ब्रिज बॅलन्सची नॉब असते, नळीवर पडणारं व्होल्टेज वजा करण्यासाठी. ती थोडी जरी हलली, किंवा पेशीत शिरताना नळीचं टोक तुंबलं, तर पेशीच्या रेझिस्टन्समध्ये काही मेगओहम फुकटचे मिळतात. 30 मेगओहमच्या नळीत दहा टक्के गफलत म्हणजे 3 मेगओहम, आणि आपण शोधतोय तो फरकही काही फार अवाढव्य नाही. या लॅबमध्ये ही नॉबच नाही! इलेक्ट्रोड इथे आदर्श आहे. पॉवर लाइनची गुणगुण नाही, टोक तुंबत नाही, पेशी हळूहळू मरत नाही, व्होल्टेज सरकत नाही. रेघ कशी, आरशासारखी.

कोणी म्हणेल, शिकणाऱ्याला एवढा त्रास कशाला. पण या विषयात बातमीच ही आहे की शिकल्यामुळे पेशीचा रेझिस्टन्स वाढला. म्हणजे सगळा दावा एका मापनावर उभा आहे. मापन कुठे चुकू शकतं हे दाखवलं नाही तर दावा श्रद्धेने मानावा लागतो. आणि मूळ संशोधकांनी तो श्रद्धेने मानला नव्हता, हे तर पुढच्याच खोलीत दिसतं. मी मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, नम्र, नीट लिहिलेलं: 'नवशिक्यांसाठी सोपं ठेवलं आहे.' 'प्रगत' नावाचा दुसरा मोड द्या की मग.

तिसरी खोली म्हणजे या सेवेचा मुकुट. प्रश्न असा आहे: बी पेशी एकटी नाही. तिला केसपेशींकडून निरोप येतात, दुसऱ्या बी पेशींकडून येतात, आणखीही कुठून कुठून येतात. मग तिच्यात दिसलेला बदल तिचा स्वतःचा कशावरून? शेजारी बदलले असतील आणि ही नुसती त्यांचं ऐकत असेल. उत्तर: ॲक्झॉन कापून टाका. स्पंद तयार होण्याची जागा दूर ॲक्झॉनमध्ये आहे, आणि दुसऱ्या पेशींशी जोडण्याच्या जागाही तिकडेच आहेत. देहाजवळ ॲक्झॉन कापला की एका फटक्यात स्पंदही गेले आणि शेजाऱ्यांचे निरोपही गेले. उरला एक गोल, एकटा देह, जो अजूनही उजेडाला प्रतिसाद देतो. त्यात बदल सापडला तर तो त्याचाच.

सॉफ्टवेअरमध्ये हा काप तुम्हाला स्वतः द्यायचा असतो. पातं आडवं नेताना पडदा किंचित थरथरतो. जास्त जवळ कापलं तर पेशी फुटते आणि पुन्हा नवा प्राणी घ्यावा लागतो. नीट जमलं की रेघेवरचे ते बुटके स्पंद क्षणात नाहीसे होतात आणि खाली फक्त उजेडाचा गुळगुळीत उंचवटा उरतो. इतक्या साध्या दृश्यात इतका युक्तिवाद भरलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

मग व्होल्टेज क्लॅम्प. पेशीचं व्होल्टेज आपण ठरवायचं आणि ते टिकवायला किती करंट लागतो ते पाहायचं. 1982 मध्ये अल्कॉन, लेडरहेंडलर आणि शुकिमास यांनी 'सायन्स'मध्ये जे छापलं ते इथे हाताने करता येतं. बाहेर जाणारा पोटॅशियमचा एक करंट झटकन उठतो आणि झटकन विरतो, त्याला 'आय-ए' म्हणतात. शिकवलेल्या प्राण्यांच्या पेशीत तो कमी भरतो. पेशीत आलेल्या कॅल्शियमच्या जोरावर उघडणारा आणखी एक पोटॅशियम करंट आहे, पुढच्या कामात तोही कमी झालेला आढळला. पोटॅशियमची वाट म्हणजे टाकीची गळती समजा. गळती कमी केली की नळ तेवढाच सोडला तरी पाणी जास्त चढतं आणि नळ बंद केल्यावर उतरायला वेळ घेतं. रेझिस्टन्स वाढणं, प्रतिसाद मोठा होणं, व्होल्टेज रेंगाळणं, तिन्ही एकाच कारणाने समजतात. औषधाची बाटलीही दिली आहे. 4-अमिनोपिरिडीन टाकलं की 'आय-ए' गप्प होतो, म्हणजे आपण नेमका कोणता करंट पाहत होतो याची खातरजमा करता येते.

इथे एक मार्क आणखी द्यायचा तर तो क्लॅम्पच्या खोलीतल्या आकडेवारीला. एका पेशीवरून निष्कर्ष लिहायला गेलात तर सॉफ्टवेअर बटण करडं करून ठेवतं. पेशी-पेशींत किती फरक असतो हे आधी पाहा, मगच.

आता बी पेशी जास्त उत्तेजित झाली तर गोगलगाय उजेडाकडे जायला का कचरावी? उलट व्हायला नको? हा प्रश्न माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता आणि कोर्स त्याचं उत्तर देतो, पण दोन वेगवेगळ्या धड्यांत विखरून. बी पेशी ए पेशीला दाबते. उजेडाकडे नेणाऱ्या हालचालीला ए पेशीच्या बाजूने जोर मिळतो. बी जास्त बडबडली की ए जास्त दबली, आणि पाऊल मंदावलं. नंतरच्या संशोधनात मधल्या चेतापेशी आणि पायाच्या हालचालीच्या चेतापेशींपर्यंतचे मार्ग शोधले गेले आणि चित्र याहून गुंतागुंतीचं झालं. ए पेशींतही शिकण्याने बदल होतात हेही दिसलं. कोर्सच्या आकृतीत मात्र बाण एकच, जाड, लाल.

रसायनांचा धडा घाईत आहे पण बरा आहे. उजेडामुळे बी पेशीत कॅल्शियम वाढतं, त्याच वेळी गरगरण्यामुळे केसपेशी आणि त्यांच्या पुढच्या साखळीतून निरोप येतात, ज्यात गाबा आहे, सेरोटोनिन आहे, ही पेशींमधली निरोप्या रसायनं. दोन्ही एका वेळी आले तरच आतली यंत्रणा पुरती चालू होते, प्रोटीन कायनेज सी नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि पोटॅशियमच्या वाटा बराच काळ मंदावतात. 1986 मध्ये फार्ली आणि ऑअरबाख यांनी दाखवलं की शिकवणी न देता नुसतं हे एन्झाइम चेतवलं तरी बी पेशीत तसलेच बदल येतात. त्याच वर्षी क्रो आणि फॉरेस्टर यांनी गरगरवण्याच्या जागी सेरोटोनिन दिलं, उजेडाच्या जोडीने, आणि वर्तनातही शिकवल्यासारखाच परिणाम मिळवला. हे दोन्ही प्रयोग लॅबमध्ये करता येतात, पण 'निकाल दाखवा' असं बटण देऊन त्यातली मजा घालवली आहे. दाबलं की आलेख हजर. मग व्हिडिओ आणि यात फरक काय राहिला?

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. 1983 मध्ये फार्ली आणि सहकाऱ्यांनी जिवंत गोगलगायीच्या एकाच बी पेशीत इलेक्ट्रोड घालून, उजेडाच्या जोडीने करंट दिला. गरगरवलंच नाही. फक्त त्या एका पेशीला असं भासवलं की शिकवणी चालू आहे. नंतर प्राणी सावरल्यावर तपासला तर त्याचं उजेडाकडे जाणं मंदावलेलं. आतापर्यंतचं सगळं 'शिकलेल्या प्राण्यात हा बदल दिसतो' या जातीचं होतं. हा एक प्रयोग 'हा बदल केला की प्राणी शिकल्यासारखा वागतो' या जातीचा आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पंप बिघडला तेव्हा दिवा लागलेला होता म्हणून दिव्याने पंप बिघडवला असं आमच्या कामात कोणी लिहून दिलं तर त्याला घरी पाठवतात. आणि हाच प्रयोग कोर्समध्ये 'अधिक वाचन'च्या चौकटीत एका ओळीत! रेकॉर्डिंगची खोली आहे, इलेक्ट्रोड आहे, तबकडी आहे, सगळं सामान तयार असताना तो करायला का दिला नाही?

उलट शेवटच्या व्हिडिओत निवेदक म्हणतो की स्मृती एका पेशीत असते हे सिद्ध झालं. असं कोणी सिद्ध केलेलं नाही. एका पेशीतला बदल वर्तन बदलायला पुरेसा ठरू शकतो, एवढंच त्या प्रयोगातून निघतं. शिकलेल्या गोगलगायीत बदल एकाच ठिकाणी असतो, असं नाही. याच व्हिडिओत चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांचं ॲप्लिसिया या दुसऱ्या समुद्री गोगलगायीवरचं काम हर्मिसेंडाच्या विरोधात उभं केलं आहे, जणू दोन पक्ष निवडणुकीला उभे आहेत. ॲप्लिसियामध्ये भर आहे तो दोन पेशींमधल्या जोडावर, तिथून निघणारा निरोप किती जोरकस आहे यावर. त्या कामाला 2000 सालच्या नोबेलमधला वाटा मिळाला. हर्मिसेंडामध्ये भर आहे पेशीच्या स्वतःच्या उत्तेजितपणावर. दोन्ही खरं असू शकतं, दोन्ही एकाच प्राण्यातही असू शकतं. हर्मिसेंडाच्या बी पेशींच्या फांद्यांच्या पसाऱ्यातही शिकण्याने फरक पडतो, असं अल्कॉन यांच्याच गटाने नंतर नोंदवलं. निवडणूक कशाला लावायची?

आणि अल्झायमरचा उल्लेख. हल्ली त्याच्याशिवाय कुठलाच विज्ञानाचा कोर्स पुरा होत नाही. व्हिडिओ सुचवतो की गोगलगायीच्या डोळ्यातून औषध निघालं. प्रोटीन कायनेज सी चेतवणाऱ्या ब्रायोस्टॅटिन या औषधाच्या अल्झायमरच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या हे खरं, आणि अल्कॉन त्या कामात होते हेही खरं. पण 2019 मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नाही, हे सांगायला निवेदकाला वेळ मिळालेला नाही. घरात अल्झायमरचा रुग्ण असलेलं माणूस हा व्हिडिओ पाहू शकतं, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं होतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सगळं इंग्रजीत आहे, उपशीर्षकं आपोआप बनवलेली आणि 'हेअर सेल'च्या, म्हणजे केसपेशीच्या, जागी भलतंसलतं लिहिणारी. फोनवर चालतं असं म्हणतात, पण मॅनिप्युलेटरची चाकं बोटाने फिरवणं म्हणजे शिक्षा. माउस हवाच. जुन्या लॅपटॉपवर पंखा ओरडतो पण अडत नाही. रेकॉर्डिंग कच्च्या आकड्यांत उतरवून घेता येतं, हे फार महत्त्वाचं. मी ते उतरवून त्यात स्वतः नळीचा रेझिस्टन्स आणि थोडी गुणगुण मिसळून पाहिली. गटांतला फरक टिकला, पण पेशी कमी घेतल्या की पार धूसर झाला. हा सराव कोर्सनेच द्यायला हवा होता.

कोणी घ्यावी? जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी, विशेषतः कंट्रोल गट म्हणजे काय हे दरवर्षी फळ्यावर सांगून कंटाळलेल्यांनी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही, कारण पेशीपटल हे एक सर्किट आहे हे इतक्या सहज दुसरीकडे कळत नाही. समुद्रातले रंगीत जीव बघायचे असतील तर घेऊ नका, निराश व्हाल. वर्गणी महिन्याची घ्या, वर्षाची नको. तीन खोल्या महिन्याभरात निवांत होतात आणि नवीन काही भर पडताना मला दिसली नाही.

आणि ॲक्झॉन कापायची खोली रात्री उशिरा उघडू नका. मध्येच बाहेर पडलं तर ती अवस्था जतन होत नाही. अंधार, थांबणं, इलेक्ट्रोड, काप, सगळं पहिल्यापासून.